हिरडा, मायफळ आणि तीन कोष्ठ

‘हिरड्याचं चूर्ण हिरड्यांना चोळा.’ पहिला हिरडा झाडाचा, दुसऱ्या हिरड्या तोंडातल्या. कागदावर फरक काय तो अनुस्वाराचा. तरी कुणी गोंधळत नाही, कारण तो तुरट, वाळका हिरडा घरातल्या सगळ्यांनी चघळलेला असतो. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत महादेव कोळी कुटुंबं त्याची कोवळी फळं उतरवून वाळवतात, तो बाळहिरडा. पूर्ण वाढलेलं फळ म्हणजे सुरवारी हिरडा.

जायफळ आणि मायफळ यांच्या बाबतीत मात्र जपायला हवं. बाळगुटीत दोन्ही असतात, एकाच सहाणेवर एकापाठोपाठ उगाळली जातात. जायफळ ही बी. तिच्यावरची लाल जाळी म्हणजे जायपत्री. कोकणात नारळ-पोफळीच्या सावलीत हे झाड छान येतं, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने त्याच्या ‘कोकण सुगंधा’, ‘कोकण स्वाद’ अशा जातीही दिल्या आहेत. मायफळ मात्र फळच नव्हे. पश्चिम आशियातल्या ओकच्या झाडावर गांधीलमाशीच्या जातकुळीतला एक चिमुकला कीटक अंडं घालतो आणि आतल्या अळीभोवती झाड गाठ वाढवतं. ती गाठ म्हणजे मायफळ. हातात घेऊन बघा: कठीण, करडं-हिरवट, अंगावर बारीक टेंगळं आणि पुष्कळदा एक गोल भोक. अळीचा कीटक झाला की तो तिथूनच बाहेर पडतो. टॅनिन भरपूर असल्याने चव कमालीची तुरट, म्हणूनच पूर्वी लोहक्षार घालून त्याची काळी शाई करत. उलट जायफळ तेलकट, सुवासिक आणि जास्त झालं तर गुंगी आणणारं. मायफळाचे वळसे चुकून जायफळाला दिले, तर ते तान्ह्या बाळाच्या जिवावर बेतू शकतं. गुटी द्यायची का, हे आधी बालरोगतज्ज्ञांनाच विचारावं आणि पुडीवरच्या नावावर विसंबू नये, असं मला कळकळीने वाटतं.

सगळ्यात मोठा गुंता कुष्ठाचा. संस्कृतात कुष्ठ हा त्वचेचा रोग, आणि हिमालयातल्या एका वनस्पतीची सुगंधी मुळीही कुष्ठच. अथर्ववेदात तिला तापावरचं औषध म्हणून आळवलं आहे. मराठीने रोगाला कुष्ठ म्हटलं आणि मुळीला कोष्ठ किंवा उपलेट. बद्धकोष्ठातला कोष्ठ तिसराच, तो पोटातला. हीच मुळी व्यापारातून पश्चिमेला गेली, ग्रीकांनी तिला कोस्टोस म्हटलं, लॅटिनमध्ये तिचं कॉस्टस झालं. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञांनी कॉस्टस हे नाव भलत्याच प्रजातीला दिलं. आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात पांढऱ्या, चुरगळल्यासारख्या पाकळ्यांनी फुलणारं पेव अनेक वर्षं ग्रंथांमध्ये कॉस्टस स्पेसिओसस म्हणूनच नोंदलं जात होतं. खरा कोष्ठ सूर्यफुलाच्या कुळातला, थंड पहाडात वाढणारा. पेव आल्या-हळदीच्या जवळचं. औषध म्हणून एकाच्या जागी दुसरं चालत नाही.