ठिसूळ हाड आधी दुखत नाही

व्याख्यान सुरू होण्याआधी एका काकूंनी आम्हाला विचारलं, "गुडघे फार दुखतात हो, हाडं ठिसूळ झाली असतील का?" तिथूनच सुरुवात करू. गुडघे दुखतात ते बहुतेक वेळा सांध्याच्या झिजेमुळे. ठिसूळ झालेलं हाड मोडेपर्यंत दुखतच नाही. ऑस्टिओपोरोसिसची खरी अडचण हीच आहे.

मग ओळखायचं कसं? घरात जरा निरखून बघा. आईचा हात पूर्वी वरच्या फळीवरच्या डब्याला पोचायचा, आता पोचत नाही. नेहमीच्या मापाचा परकर जमिनीला टेकतो. पाठीला बाक आलाय. आपण म्हणतो, वय झालं! पण तरुणपणापेक्षा उंची चारेक सेंटिमीटरने कमी झाली असेल, तर एखादा मणका दबलेला असू शकतो. भरलेली बादली उचलताना उसण भरली म्हणून आपण तेल चोळत बसतो आणि एक्स-रे काढल्यावर कळतं.

दुसरी खूण मनगटाची. पन्नाशीची बाई ओट्यापाशी घसरते, हात टेकते, मनगट मोडतं. प्लास्टर निघालं की विषय संपतो. यात आम्हा डॉक्टर मंडळींचीही चूक आहे. चालताना नुसतं पडून हाड मोडलं, तर ते का मोडलं हे तेव्हाच विचारायला हवं, डेक्सा तपासणी करायला हवी. टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल तर त्यावर औषधं आहेत. पुढे खुबा मोडण्याचा धोका त्यांनी कमी होतो. खुबा मोडला की अख्खं घर अंथरुणाभोवती फिरू लागतं, हे तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल.

पाळी थांबल्यानंतरची काही वर्षं हाडं झपाट्याने झिजतात. अंडाशय लवकर काढलेले असतील किंवा स्टिरॉइडच्या गोळ्या महिनोन्‌महिने चालू असतील, तर आधीच डॉक्टरांशी बोला. (गोळ्या मात्र मनाने बंद करू नका.) पुरुषांनी हसू नये, उतारवयात त्यांच्यावरही ही वेळ येते.

खाण्याचं फार अवघड नाही. दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. १०० ग्रॅम नाचणीत त्याचा तिसरा हिस्सा मिळतो. शिवाय दूध, दही, तीळ आहेतच. ऊन मात्र अंगावर घ्या, बंद खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाने ड जीवनसत्त्व तयार होत नाही. आणि हाडांवर भार पडू द्या: चाला, जिना चढा. न्हाणीघरात धरायला दांडी बसवा.

आज घरी गेल्यावर आईला भिंतीला टेकून उभं करा, पेन्सिलने खूण करा आणि शेजारी तारीख लिहा.