मापे निराळी, नाचणी तेवढीच

जव्हार आणि मोखाडा हे पालघर जिल्ह्यातील डोंगराळ तालुके. येथील उतारांवर नाचणी आणि वरई पिकते. पावसाळ्यात घरची कणगी रिकामी झाली, की पूर्वी पुष्कळ कुटुंबांना सावकाराकडून खावटी, म्हणजे पोटापुरते धान्य, उसने आणावे लागे. त्या काळी धान्य मापून देत. महाराष्ट्रातील ती मापे ध्यानात ठेवण्यास सोपी होती. दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे आणि दोन मापट्यांचा एक शेर. म्हणजे शेरात १६ निळवी, ८ कोळवी किंवा ४ चिपटी मावत.

समजा, एखाद्या शेतकऱ्याने १२ निळवी नाचणी उसनी आणली. ती शेराचा १२/१६ भाग झाली. तीच नाचणी कोळव्याने मापली तर ६/८ शेर भरेल आणि चिपट्याने मापली तर ३/४ शेर. आकडा लहान होत गेला, परंतु सुपातला एक दाणाही कमी झाला नाही. कारण माप दुप्पट झाले, की आपल्या मापांची संख्या निम्मी होते आणि शेरातील मापांचीही निम्मीच होते. असे अपूर्णांक सममूल्य होत. अंश आणि छेद यांना एकाच संख्येने भागले, तर किंमत बदलत नाही ती यामुळेच. १२ आणि १६ यांना एकदम ४ ने भागले तरी ३/४ च येतात. ३ आणि ४ यांना १ वाचून सामाईक विभाजक नाही. म्हणून ३/४ हे अतिसंक्षिप्त रूप. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (इ. स. ११५०) अशा भागण्याला ‘अपवर्तन’ म्हटले आहे.

आता ही खावटी सवाईने फेडावयाची आहे असे धरा. बारांवर त्यांची चौथाई, म्हणजे तीन, चढून १५ निळवी देणे झाले. १५/१६ चा संक्षेप करू पाहा. १५ ला ३ आणि ५ यांनी भाग जातो, १६ ला २, ४ आणि ८ यांनी. सामाईक एकही नाही. तेव्हा हे देणे निळव्याखेरीज दुसऱ्या कोणत्याही एका मापाने नेमके भरत नाही. सावकाराने चार चिपटी भरून घेतली, तर सोळा निळवी गेली, आणि ज्याला हा हिशेब कळतो तोच एक निळवे परत मागू शकतो.

रुपयाचेही असेच झाले. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. चार आणे, म्हणजे ४/१६ रुपया, २५/१०० शी सममूल्य; म्हणून पंचवीस पैशांना लोक पुढेही चार आणेच म्हणत. एका आण्याचे मात्र सव्वासहा पैसे होतात. तसे नाणे नव्हते. कोष्टकात एका आण्याचे ६ नवे पैसे धरले जात.