दगड ‘तो’, वीट ‘ती’, का?

अक्कलकोट तालुक्यातील मैंदर्गी हे कर्नाटकाच्या सीमेलगतचे नगरपरिषदेचे गाव. या पट्ट्यातील अनेक घरांत कन्नड बोलली जाते. तिथले मराठी शाळेत शिकणारे मूल ‘वीट पडला’ म्हणाले, की गुरुजी ‘वीट पडली’ असे सांगतात. चूक सुधारते, पण विचार तिथेच थांबतो.

विचारांच्या पायऱ्यांची सर्वपरिचित मांडणी बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांनी 1956 मध्ये केली. 2001 च्या सुधारित मांडणीत स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन आणि नवनिर्मिती असा क्रम आहे. शेवटच्या तीन पायऱ्यांना उच्चस्तरीय विचारकौशल्ये म्हणतात. आपल्या कृतिपत्रिकांतले ‘स्वमत’ याच हेतूने आले. पण गाइडमधले स्वमत पाठ केले, की ते पुन्हा स्मरणच होते. पायरी प्रश्नाच्या शब्दांवरून ठरत नाही. मुलाने उत्तर कसे मिळवले, यावरून ठरते.

आता त्या विटेकडे पाहू. कन्नडमध्ये माणसासाठी ‘अवनु’ किंवा ‘अवळु’ आणि निर्जीव वस्तूंसाठी सरसकट ‘अदु’. त्यामुळे दगड, वीट, झाड यांना तीन लिंगे का, हा प्रश्न कन्नडभाषक मुलालाच खरा पडतो. मराठी घरातल्या मुलाला तो जाणवतही नाही. म्हणजे ज्याला आपण कच्चा समजतो, त्याच्याच हाती संशोधनाचा प्रश्न असतो.

वर्गाने वीस शब्द गोळा करावेत. ‘रस्ता’, ‘घोडा’ पाहून कोणी म्हणेल, आकारान्त शब्द पुल्लिंगी. मग ‘शाळा’ आडवी येते. ‘नदी’, ‘काठी’वरून ईकारान्त स्त्रीलिंगी ठरवावे, तर ‘पाणी’ आणि ‘हत्ती’ हजर. दगड, वीट, झाड यांच्यापुढे तर शेवटच्या अक्षराचा नियम हात टेकतो. नियम मांडणे, अपवादावर घासणे, दुरुस्त करणे आणि तो कुठवर चालतो हे ठरवणे. विश्लेषण आणि मूल्यमापन म्हणजे हेच. वीस शब्द ठाऊक असल्याशिवाय हे जमत नाही, म्हणून पाठांतराला हिणवण्याचेही कारण नाही.

उलट दिशेनेही जाता येते. मराठीतल्या ‘आम्ही’ आणि ‘आपण’ या दोन्हींसाठी कन्नडमध्ये ‘नावु’ हा एकच शब्द. ‘आम्ही जेवायला जातो’ आणि ‘आपण जेवायला जाऊ’ यांत ऐकणाऱ्याला ताटावर बोलावले आहे की नाही, हे कन्नडमध्ये कसे कळवायचे? इथे मुलांना वाक्ये नव्याने घडवावी लागतात.

ही चर्चा मुलांना कन्नडमध्ये करू द्यावी. निष्कर्ष मराठीत लिहावा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षणाचा आग्रह धरते. मराठी माध्यमाच्या वर्गातही तिला निदान विचारापुरती जागा हवी. नाहीतर शब्द न सापडल्यामुळे गप्प बसलेल्या मुलाला विचारच सुचत नाही, असा शिक्का बसतो. आणि तो शिक्का पुसायला पुढे कोणतीच परीक्षा नसते.