स्फुरदाच्या टंचाईत जागे होणारे जनुक

यवतमाळ जिल्ह्यातल्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत स्फुरद असतो, पण त्यातला फार थोडा पिकाच्या हाती लागतो. काही कॅल्शियमशी बांधला जातो. काही सेंद्रिय रेणूंत, विशेषतः फायटेटमध्ये, अडकून राहतो. सोयाबीन, तूर, ज्वारीच्या दाण्यांतला स्फुरदाचा साठाही फायटेटच्याच रूपात असतो. मातीतल्या पाण्यात विरघळलेल्या फॉस्फेटची तीव्रता पेशीतल्या फॉस्फेटच्या हजारांश किंवा त्याहूनही कमी भरते.

या टंचाईवर बुरशीचा एक उपाय म्हणजे आम्ल फॉस्फेटेज. हे एन्झाइम सेंद्रिय रेणूवरचा फॉस्फेट गट कापून मोकळा करते. असे मोठे, भारित रेणू पेशीपटलातून सहज आत येत नाहीत, म्हणून एन्झाइमच पेशीभित्तिकेत किंवा तिच्याबाहेर पाठवले जाते. कणगी भरलेली असताना उसने मागायला कोणी जात नाही. तसेच फॉस्फेट मुबलक असेल तर बुरशी हे प्रथिन जवळजवळ बनवतच नाही.

हे नियंत्रण उलगडले ते यीस्ट या बुरशीत, जपानच्या ओसाका विद्यापीठात. अकिओ तोहे, यासुजी ओशिमा आणि सहकाऱ्यांनी १९७३ साली फॉस्फेटेजचे उत्परिवर्ती वाण प्रसिद्ध केले. एन्झाइम पेशीच्या बाहेरच्या बाजूला असल्याने पेशी फोडावी लागत नाही. बशीवर रंगद्रव्य ओतले की एन्झाइम बनवणाऱ्या वसाहती लाल होतात, बाकीच्या पांढऱ्या राहतात. फॉस्फेट भरपूर असूनही लाल झालेली वसाहत म्हणजे आवर गमावलेले वाण, आणि टंचाईतही पांढरी राहिलेली म्हणजे चालू न होणारे. इतक्या साध्या चाचणीतून नियामक जनुकांची मांडणी उभी राहिली. जनुक-नियंत्रणाच्या इतिहासात फ्रान्सच्या लॅक्टोज संशोधनाचा जेवढा बोलबाला होतो, त्याच्या मानाने ओसाकाच्या या कामाची आठवण फारच कमी काढली जाते.

यीस्टमध्ये आम्ल फॉस्फेटेजचे चालू-बंद होणारे मुख्य जनुक पीएचओ-५. त्याला जागे करणारे प्रथिन पीएचओ-४. फॉस्फेट पुरेसे असेल तर पीएचओ-८० आणि पीएचओ-८५ ही जोडी पीएचओ-४ वर फॉस्फेट गट चिकटवते आणि ते केंद्रकाबाहेर जाते. टंचाईत पीएचओ-८१ हे प्रथिन त्या जोडीला रोखते, पीएचओ-४ केंद्रकातच थांबते, जनुकाच्या तोंडाशी गुंडाळलेला डीएनए मोकळा होतो आणि उत्पादन शेकडो पट वाढते. फॉस्फेट असल्याची वर्दी फॉस्फेट चिकटवूनच दिली जाते, ही रचना विलक्षण देखणी आहे. न्यूरोस्पोरा या बुरशीतही असेच जाळे आहे. तिथे पीएचओ-४ ची जागा एनयूसी-१ घेते.

ॲस्परजिलस नायजर ही बुरशी फायटेटवर काम करणारे फायटेज बनवते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत तिच्या एनसीआयएम ५६३ या वाणापासून दोन वेगवेगळी आम्लधर्मी फायटेजे मिळवण्यात आली. कोंबड्यांना धान्यातला फायटेट नीट पचत नाही, म्हणून खाद्यात असे एन्झाइम मिसळतात. अशा मूळ बुरशीकडून ते तयार करून घेताना माध्यमातले फॉस्फेट आवर्जून कमी ठेवावे लागते.

शेतात हेच नियम लागू होतात. डीएपी किंवा सुपर फॉस्फेटची पट्टी जिथे पडते, तिथे काही काळ बुरशीला फॉस्फेटेज बनवण्याची निकड उरत नाही. शिवाय काळ्या मातीचा सामू आम्लाकडे नव्हे, विम्लाकडे झुकलेला. तेव्हा आम्ल फॉस्फेटेजला अनुकूल जागा म्हणजे मुळांच्या आणि बुरशीतंतूंच्या लगतचा, आम्ल स्रवल्याने सामू उतरलेला पातळ थर. संशोधक तरफदार आणि युंक यांनी १९८७ मध्ये दाखवले की मुळालगत फॉस्फेटेजची क्रिया वाढते आणि तिथला सेंद्रिय स्फुरद घटतो.

स्फुरद विरघळवणाऱ्या जैविक खतांचे दावे म्हणूनच तपासून घ्यायला हवेत. त्यांची निवड बहुधा १९४८ च्या पिकोव्हस्काया माध्यमावर होते. वसाहतीभोवती उमटणारे पारदर्शक वलय कॅल्शियम फॉस्फेट विरघळल्याचे, म्हणजे मुख्यतः सेंद्रिय आम्लांचे, काम दाखवते. फायटेटमधला स्फुरद ती बुरशी सोडवते का, हे त्या वलयावरून कळत नाही. त्यासाठी फॉस्फेटेज आणि फायटेजची चाचणी वेगळी करावी लागते, आणि तीही त्या शेताच्या मातीत, तिथल्या खतमात्रेसह.