बंदरात उतरलेल्याची खाट

मुंबईत रीगल सिनेमाच्या समोरच्या चौकात एक भव्य दगडी इमारत उभी आहे. आज तिथे महाराष्ट्राच्या पोलीस महासंचालकांचे मुख्यालय आहे. त्याआधी अनेक वर्षे तिथे राज्याचे विधिमंडळ भरत असे. पण ही वास्तू बांधली गेली ती खलाशांना स्वस्तात राहायला मिळावे म्हणून. १८७० साली ड्यूक ऑफ एडिंबरो मुंबईत आला, त्याच्या भेटीची आठवण म्हणून बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी मोठी देणगी दिली आणि १८७६ साली 'रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम' पूर्ण झाले. आराखडा होता एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचा. बोरीबंदरचे व्हिक्टोरिया टर्मिनस बांधणारे ते हेच. जहाजावरून उतरलेल्या दर्यावर्दीला रात्री अंग टाकायला जागा द्यायची, तर त्यासाठी शहरातला सर्वोत्तम वास्तुरचनाकार नेमावा, असे त्या काळच्या मुंबईला वाटले होते.

ही खाट मात्र गोऱ्या खलाशासाठी होती. त्याच जहाजांवर भट्टीत कोळसा ओढणारे, दोरखंड सांभाळणारे, भटारखान्यात राबणारे कोकणी, गोवेकर आणि गुजराती लोक हजारोंनी होते. त्यांच्यासाठी मशीद बंदर भागात 'इंडियन सेलर्स होम' उभे राहिले ते बऱ्याच उशिरा, पहिल्या महायुद्धानंतर. त्या युद्धात समुद्रावर प्राण गमावलेल्या दोन हजारांहून अधिक भारतीय खलाशांचे स्मारक याच वसतिगृहात आहे. तोवर देशी माणसाने आपली सोय आपणच लावून घेतली होती. स्वस्त हॉटेलचा खरा इतिहास शोधायचा तर या घरगुती व्यवस्थेतच शोधावा लागतो.

पेण तालुक्यातले गडब हे गाव त्यासाठी सोयीचे आहे. आज ते मुंबई-गोवा महामार्गावर, वडखळच्या पुढे येते. पण वाशीचा खाडीपूल झाला १९७३ साली. त्याआधी मुंबईला रस्त्याने जायचे तर ठाण्याचा वळसा होता. या भागातल्या माणसासाठी मुंबईचे दार म्हणजे धरमतरची खाडी. अंबा नदीच्या मुखाकडच्या या बंदरातून लाँच सुटायची आणि माणूस भाऊच्या धक्क्याला उतरायचा. त्या जलमार्गाने किती जीव घेतले, याची आठवण या किनाऱ्यावर अजून ताजी आहे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट वादळात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्यातले अनेक जण गटारीसाठी घरी निघालेले चाकरमानी होते.

धक्क्यावर सुखरूप उतरलेल्यापुढे पहिला प्रश्न पोटाचा नसायचा, पाठीचा असायचा. पाठ कुठे टेकायची? खिशात लॉजपुरते पैसे नाहीत, नोकरी अजून लागायची आहे, शहरात सख्खे कुणी नाही. या प्रश्नाला कोकणाने दिलेले उत्तर म्हणजे गावकीची खोली.

लालबाग, परळ, नायगाव, डिलाईल रोड या गिरणगावातल्या चाळींमध्ये एकेका गावाने एकेक खोली भाड्याने घेतलेली असे. भाडे सगळ्यांनी वाटून द्यायचे. भिंतीला लावून पत्र्याच्या ट्रंका, वर दोरीवर कपडे, कोपऱ्यात गुंडाळलेल्या वळकट्या. बीडीडी चाळीतली खोली साधारण १६० चौरस फुटांची. तेवढ्या जागेत पंधरा-वीस माणसे राहात, कारण सगळी एका वेळी कधीच झोपत नसत. पहिल्या पाळीचा माणूस उठून गेला, की रात्रपाळी करून आलेला त्याच जागेवर आडवा होई. उन्हाळ्यात व्हरांडा, गच्ची आणि फुटपाथ ही त्या खोलीचीच वाढवलेली जागा. गावाहून नवा पोरगा आला की त्याला कुणी भाडे विचारत नसे. नोकरी लागेपर्यंत तो पाहुणा, लागली की वर्गणीदार.

जेवणाची सोय खानावळीत. खानावळ चालवणारी बाई बहुतेक वेळा त्याच चाळीतली, एखाद्या गिरणी कामगाराची बायको किंवा विधवा. महिन्याचे पैसे पगाराला मिळायचे, किराणा मात्र सावकाराकडून व्याजाने भरावा लागायचा. या बायकांना बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली 'अन्नपूर्णा महिला मंडळ' सुरू केले. बंदराच्या आणि गिरण्यांच्या मुंबईचे जेवण या बायकांच्या चुलींवर शिजत होते. शहराच्या इतिहासात त्यांना मिळालेली जागा त्या मानाने फारच थोडी आहे.

गोव्याच्या माणसांनी हीच कल्पना अधिक नीट बांधली. धोबीतलाव, माझगाव, डोंगरी, डाबूल या भागांत त्यांच्या कुडी होत्या, काही अजून आहेत. धोबीतलावच्या जेर महाल इमारतीत तर अशा कुडी एकमेकींना लागून आहेत. प्रत्येक कूड एका गावाची. दारावर गावाचे नाव, आत मोठी खोली, एका टोकाला गावाच्या संरक्षक संताची वेदी, दोन्ही बाजूंना ओळीने पेट्या. खलाशी, आचारी, बँडवाले, तियात्रात काम करणारे कलाकार, शिकायला आलेली मुले असे सगळे इथे उतरत. बोटीवरचा माणूस आठ-नऊ महिने समुद्रावर काढून येई आणि पुढच्या बोटीवर भरती होईपर्यंत कुडीत राही. त्याची पेटी मात्र तो नसतानाही तिथेच सुरक्षित असे. संध्याकाळी रोझरीला हजर राहायचे, ठरलेल्या वेळेत परत यायचे, दंगा करायचा नाही, असे नियम पाळावे लागत. भाडे नाममात्र. ते परवडायचे, कारण कुणालाही त्यातून नफा काढायचा नव्हता.

व्यापाऱ्यांच्या दानधर्मातून आलेल्या जागाही होत्याच. सी. पी. टँक परिसरातल्या धर्मशाळा यात्रेकरूंनी आणि पेढ्यांवरच्या माणसांनी भरलेल्या असत. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात हज यात्रेकरू जहाजाची वाट पाहात थांबत. मुंबईहून जेद्दाला जाणारी हजची जहाजे १९९५ मध्ये बंद झाली, तोवर कोकणातली आणि देशभरातली माणसे तिथे दिवस काढत होती. दादरची गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आजही टाटा रुग्णालयात उपचारांसाठी आलेल्या रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना आसरा देते. मुंबईत मोजक्या पैशांत छप्पर देणारी याहून मोलाची जागा सांगणे कठीण आहे.

या सगळ्या व्यवस्था एका गोष्टीवर उभ्या होत्या: तुमची हमी कोण देतो? गाव, जात, धर्म, नाहीतर पेढी. हमी देणारा असला तर खाट जवळपास फुकट. नसला तर पैसे असूनही दार बंद. याचा सर्वात कडू अनुभव बाबासाहेब आंबेडकरांनी लिहून ठेवला आहे. १९१७ साली परदेशातून परतल्यावर ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांना शहरात राहायला जागा मिळेना. अखेर पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले, रोजचा दीड रुपया भरून. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे दारात आली आणि त्यांना बाहेर काढले. कोलंबिया विद्यापीठात शिकलेला, खिशात भाड्याचे पैसे असलेला माणूस त्या रात्रीसाठी शहरभर जागा शोधत होता आणि हिंदू मित्राने वा ख्रिस्ती मित्रानेही त्याला घरात घेतले नाही. स्वस्त निवासाच्या कौतुकात ही गोष्ट विसरता येत नाही.

दुसरी वगळलेली मंडळी म्हणजे बायका. गावकीची खोली पुरुषांची, कूड पुरुषांची, सेलर्स होम तर पुरुषांचेच. बाईने मुंबईत यायचे ते नवऱ्याच्या किंवा भावाच्या बिऱ्हाडी. एकट्या बाईने नोकरीसाठी उतरायचे तर तिला खाट द्यायला गावाकडे नियमच नव्हता.

म्हणूनच, पैसे मोजले आणि चावी मिळाली, हा साध्या लॉजचा व्यवहार मोठ्या मोलाचा आहे. तो निर्विकार वाटतो, पण त्यात माणसाला जात विचारायची नाही, असे निदान तत्त्वतः तरी मान्य केलेले असते. सरकारने या धंद्याला चौकट घातली ती १८६७ च्या सराई कायद्याने. सराईची नोंदणी करायची, ती स्वच्छ ठेवायची, उतरलेल्यांची माहिती मागितल्यास द्यायची, असे त्यात होते. आज लॉजच्या टेबलावर आधार कार्डाची प्रत मागतात आणि परदेशी पाहुण्याची माहिती चोवीस तासांत कळवावी लागते. गावच्या ओळखीची जागा कार्डाने घेतली, एवढेच. हमीशिवाय खाट अजूनही मिळत नाही.

बंदरात उतरलेल्याला खाट देण्याचा हा खेळ समुद्रापलीकडे मोठ्या पटावर चालतो. इंडोनेशिया हा हजारो बेटांचा देश. पेल्नी या सरकारी कंपनीची प्रवासी जहाजे सुराबायाच्या तांजुंग पेराक, मकास्सर अशा बंदरांतून बेटाबेटांना जातात. एखादे जहाज चुकले तर पुढच्यासाठी दिवसचे दिवस थांबावे लागते, त्यामुळे बंदराच्या शहरांत 'लोसमेन' नावाची घरगुती, स्वस्त निवासस्थाने रुजली. चार-सहा खोल्या, मालकाचे कुटुंब तिथेच, आणि न्हाणीत शॉवरऐवजी पाण्याने भरलेला हौद नि अंगावर ओतायला तांब्यासारखे भांडे. कोकणातल्या माणसाला तिथे अंघोळ कशी करायची हे कुणी शिकवावे लागणार नाही. महिन्याच्या भाड्याने खोली हवी असेल तर 'कोस' असतात, नोकरदार आणि विद्यार्थ्यांनी भरलेले. गेल्या काही वर्षांत या जागांवर ॲपवाल्या कंपन्यांच्या पाट्या चढल्या. त्यांतली एक आपलीच, २०१३ साली सुरू झालेली आणि २०१८ मध्ये इंडोनेशियात उतरलेली ओयो.

मुंबईतही चेहरा बदलला आहे. मुंबई सेंट्रल स्थानकात नोव्हेंबर २०२१ मध्ये पॉड हॉटेल सुरू झाले. माणसाच्या मापाची कप्पेवजा खाट, दिवा, चार्जिंगची सोय आणि तासांवर भाडे. जानेवारी १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरण्या गेल्या, त्यांच्याबरोबर गावकीच्या खोल्याही ओस पडत गेल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून असलेल्या २०७ बीडीडी चाळींपैकी बहुतेकांचा पुनर्विकास सुरू आहे. वरळीत नव्या घरांच्या चाव्या २०२५ मध्ये मिळू लागल्या. चाळीतल्या कुटुंबांना चांगले घर मिळते आहे, हे उत्तमच. पण गावाच्या नावावरच्या खोलीत पुढे गावच राहील की ती कुणा एकाची होईल, हा वाद अनेक गाव मंडळांत चालू असेल.

आता पुन्हा गडबकडे यायला हवे, कारण इथे चित्र उलटे झाले आहे. शेजारी डोलवीला पोलादाचा मोठा कारखाना आहे. पूर्वी तो इस्पातचा होता, आता जेएसडब्ल्यूचा आहे. धरमतरच्या ज्या खाडीतून लाँच माणसे घेऊन जायची, तिथल्या जेट्टीवर आज बार्ज लोहखनिज आणि कोळसा उतरवतात. कंत्राटी कामासाठी बिहार, ओडिशा, झारखंड, उत्तर प्रदेशातून माणसे येतात. खारेपाटातल्या शेतावर जगणाऱ्या गावांच्या परिसरात भाड्याच्या खोल्यांच्या चाळी उभ्या राहिल्या. एका खोलीत चार-सहा जण, पाळीप्रमाणे झोप, एकाच शेगडीवर भात आणि बटाट्याची भाजी. ज्यांच्या आजोबांनी परळच्या खोलीत ट्रंक ठेवली होती, ती माणसे आता दुसऱ्याच्या मुलाला खोली देतात.

यात गावाला उत्पन्न आहे आणि कामगाराला छप्पर आहे. पण संडास पुरेसे आहेत का, पावसाळ्यात पाणी शिरते का, भाड्याची पावती मिळते का, आणि कारखान्यात कामाला येणारी एकटी मुलगी राहणार कुठे, हे प्रश्न पडतात. महामार्गावरचा ट्रकचालक तर अनेकदा केबिनमध्येच झोपतो. तेल कंपन्यांनी पेट्रोल पंपांवर चालकांसाठी 'अपना घर' नावाची विश्रांतिगृहे सुरू केली आहेत. कल्पना चांगली आहे आणि ती पेण-वडखळसारख्या वर्दळीच्या नाक्यांवर हवीच.

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली. न्हावा-शेवा १९८९ पासून चालू आहे. कोकणपट्टीवर बंदरे वाढत जाणार हे उघड आहे, आणि बंदराच्या आराखड्यात धक्के, क्रेन, रेल्वेमार्ग, साठवणुकीची गोदामे काटेकोर आखली जातात. तिथे राबायला येणाऱ्यांच्या खाटाही त्याच आराखड्यात, त्याच वेळी आखल्या पाहिजेत: स्वच्छ, परवडणाऱ्या, बायकांनाही मिळतील अशा, जात-धर्म न विचारता. खासदार, आमदार आणि ग्रामपंचायतींनी प्रकल्पाच्या जनसुनावणीत ही मागणी लेखी नोंदवावी. आणि ज्या गाव मंडळांकडे मुंबईच्या खोलीच्या जुन्या वर्गणीच्या वह्या असतील, त्यांनी त्या रद्दीत न घालता जवळच्या ग्रंथालयाकडे सोपवाव्यात.