मर म्हणा की नेटे

तुरीच्या या दुखण्याला आमच्या घरात दोन नावे आहेत. आई मंठाळची, ती 'मर' म्हणते. सौ.चे माहेर आळंदकडचे, ती 'नेटे' म्हणते. नावावरून वाद होतो, नुकसानीवरून होत नाही. छातीला लागणारी हिरवीगार तूर दिवाळीच्या सुमारास फुलोऱ्यात येते आणि एकेक झाड उभ्या उभ्या वाळू लागते. तोवर बी, खत, खुरपणी, फवारणी सगळा खर्च होऊन गेलेला असतो. 2022च्या हंगामात कलबुर्गी-बीदर भागात या रोगाने एवढे नुकसान केले की सरकारला मदत जाहीर करावी लागली.

वाळलेले झाड उपटून बुडाजवळची साल सोलून पाहा. आत काळपट रेघा दिसतील. फ्युजेरियम उडम नावाची बुरशी मुळांतून शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्या बंद करते. रानात ओल असूनही झाड तहानेने मरते. धसकटांच्या आधाराने ही बुरशी जमिनीत तीनेक वर्षे तग धरते, म्हणून पानांवर औषध मारून उपयोग नाही.

आपल्यापासून फार लांब नसलेल्या पटनचेरूच्या इक्रिसॅट संस्थेत पूर्वी एकच उपाय होता. मुद्दाम रोगट ठेवलेल्या रानात तूर पेरायची आणि जगेल ते झाड निवडायचे. कर्नाटकात 1986 साली आलेले 'मारुती' आणि 1993चे 'आशा' हे मर सोसणारे वाण अशाच परीक्षेतून पुढे आले. पण तूर सहा महिन्यांचे पीक, म्हणजे वर्षाला एकच परीक्षा!

2011 मध्ये राजीव वार्ष्णेय यांच्या नेतृत्वाखाली तुरीचा जनुकसंच वाचला गेला. निवडलेला वाण होता 'आशा'च. सुमारे 83 कोटी अक्षरांपैकी 60 कोटी जुळली, 48 हजारांहून अधिक जनुके मोजली गेली. 2016 साली त्यांनी आणखी एक युक्ती केली. रोग सोसणाऱ्या झाडांचा डीएनए एकत्र केला, बळी पडणाऱ्यांचा वेगळा एकत्र केला, आणि दोन्ही ताडून पाहिले. जिथे फरक, तिथे शोध घ्यायचा. वर्गात मुलांना हे एका मिनिटात समजते, कारण पास-नापासाच्या उत्तरपत्रिका शेजारी ठेवण्यासारखेच ते आहे. अशी खूण पक्की झाली की कोवळ्या पानावरून झाडाची निवड करता येते, फुलोऱ्याची वाट पाहावी लागत नाही.

मात्र बुरशीही सगळीकडे एकसारखी नसते. एका जिल्ह्यात टिकलेले वाण दुसऱ्या जिल्ह्यात मरते, म्हणून तिचाही डीएनए वाचावा लागतो. दुकानदाराने पिशवीवरचे 'रोगप्रतिकारक' दाखवले तर कोणता रोग, कुठल्या मातीत तपासले, एवढे विचाराच.

ज्वारीवरची तूर कमी मरते, असे आई पहिल्यापासून सांगते. इक्रिसॅटच्या प्रयोगांतही तेच दिसले. मागच्या वर्षी ज्या तुकड्यात सगळ्यात जास्त झाडे गेली, तिथे यंदा ज्वारी टाकली आहे.