टॉलरन्स वाढवून एरर घालवू नका

प्लॅनिंगची रन संपते आणि लॉगमध्ये ‘मॅक्स कन्स्ट्रेंट व्हायोलेशन एक्सीड्स टॉलरन्स’ अशी ओळ दिसते. की लगेच कुणीतरी म्हणतंच, ‘‘टॉलरन्स थोडा वाढवा, जाईल एरर.’’ एरर जातो, हे खरं आहे. म्हणूनच हा गैरसमज इतका चिवट आहे. पण चूक मात्र प्लॅनमध्येच राहते आणि तीच पुढे डिस्पॅचपर्यंत जाते.

टॉलरन्स आहे कशासाठी, ते आधी पाहू. संगणक कोणतीही संख्या साधारण 15-16 अंकांपर्यंतच नेमकी धरतो. लाखो गुणाकार-बेरजांनंतर 500 टनांची मर्यादा 500.0000003 होऊन बसते. एवढ्याशा फरकाला सॉल्व्हरने, म्हणजे प्लॅनचं गणित सोडवणाऱ्या प्रोग्रॅमने, ‘क्षमता ओलांडली’ म्हणू नये, इतकंच टॉलरन्सचं काम. गुरोबी आणि सीप्लेक्स या दोन्ही सॉल्व्हरांत मर्यादांसाठी तो मुळात 0.000001 असतो, तर कारखाना सुरू की बंद अशा 0-1 निर्णयांसाठी 0.00001.

आता चुकीचं पहिलं मूळ पाहू. एक नियम घ्या: कारखाना सुरू असेल तरच उत्पादन. मॉडेलमध्ये तो ‘उत्पादन 10,00,000 गुणिले सुरू/बंद यापेक्षा जास्त नको’ असा लिहितात. खरी क्षमता 800 टन असली, तरी सोय म्हणून दहा लाख टाकून मोकळे होतात. मग सॉल्व्हर ‘सुरू’ची किंमत 0.00001 धरू शकतो. टॉलरन्सच्या हिशेबात ते शून्यच, म्हणजे कारखाना बंद. पण दहा लाखांना त्याने गुणलं की बंद कारखान्यातून 10 टन माल निघतो आणि 5 लाखांच्या स्थिर खर्चापैकी फक्त 5 रुपये लागतात! इथे टॉलरन्स 0.001 करा, तोच बंद कारखाना 1,000 टनांची परवानगी मिळवतो. याला दुरुस्ती कशी म्हणायची? दहा लाखांच्या जागी खरे 800 लिहा, गळती 0.008 टनांवर येते.

चुकीचं दुसरं मूळ युनिटमध्ये. एक ओळ ग्रॅममध्ये, दुसरी टनात. सॉल्व्हर आकडे आतल्या आत मोजपट्टीत बसवून गणित सोडवतो; उत्तर मूळ युनिटमध्ये परत आणताना छोटी कसर मोठी होते आणि लॉगमध्ये सुरुवातीला सांगितलेली ती ओळ छापली जाते. गुरोबीच्या लॉगमध्ये सुरुवातीलाच ‘मॅट्रिक्स रेंज’ असते. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या आकड्यात कोट्यवधी पटींचं अंतर दिसलं, तर आधी मास्टर डेटा तपासा: एका खोक्यात 12 नग आहेत की कुणी 12,000 भरलेत?

असेच आणखी काही गैरसमज ऐकू येतात. ‘मग टॉलरन्स अगदी कमी करू.’ गुरोबीत 0.000000001 च्या खाली जाताच येत नाही, आणि आकडे विस्कळीत असतील तर कमी केल्याने रन नुसतीच रेंगाळते.

‘खरेदी ऑर्डरवर 5 टक्के जादा माल चालतो, तोच हा टॉलरन्स.’ नाही. ती पुरवठादाराशी ठरलेली सवलत आहे. तिचा या गणिताशी संबंध नाही.

‘0.01 टक्का गॅप राहिली, म्हणजे प्लॅन चुकला.’ गॅप म्हणजे सापडलेला प्लॅन सर्वोत्तमापासून जास्तीत जास्त किती दूर असू शकतो ते. 100 कोटींच्या खर्चावर ती गॅप फार तर 1 लाखाची. मागणीच्या अंदाजातली चूक तिच्याहून कितीतरी मोठी असते. वेळ तिकडे द्या.

‘इन्फीझिबल (सगळ्या मर्यादा पाळणारं उत्तरच नाही) आलं, सॉफ्टवेअर बिघडलं.’ सहसा काही मर्यादाच एकमेकींच्या आड येत असतात. आयआयएस, म्हणजे आपसांत न जुळणाऱ्या मर्यादांचा छोटा संच, काढा; नेमक्या कोणत्या ते नावानिशी समोर येतं.